काठावरचा गाळ

हे लिहायचं नाही असं जवळजवळ ठरलंच होतं. दोन मित्रांमधली गोष्ट, ती दोघांतच राहावी. चव्हाट्यावर आणून आजवर कुणाचं भलं झालंय? पण त्या दिवसानंतर विभागात जो तो आपापलं सांगत सुटला. कुणी म्हणे चाळण्याने मित्राचा काटा काढला. कुणी म्हणे चाळण्या म्हणजे सत्याचा पुतळा. दोन्ही खोटं. म्हणून जसं घडलं तसं.

चाळण्या हा खनिज विभागातला शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. पदवी झाल्यावर सगळे नोकरीला लागले आणि हा आणखी शिकायला आला. दिवसभर तळघरातल्या प्रयोगशाळेत चाळण्यांच्या उतरंडीपुढे उभा. दळलेला दगड वर ओतायचा, बटण दाबायचं, सगळी उतरंड थडथडायला लागते. मग कुठल्या चाळणीवर किती राहिलं ते बघायचं. नाव पडायला आणखी काय लागतं? प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमसुद्धा चुकून एकदा हजेरीत "चाळण्या" म्हणाल्या आणि मग तेच नाव कायम झालं.

त्याचा मित्र वकील, त्याच्याच वर्गातला. कायद्याशी काही संबंध नाही, पण बोलायला लागला की समोरचा स्वतःची चूक नसताना माफी मागून मोकळा व्हायचा. मेसवाल्याशी वाद घालून त्याने एकदा शिळ्या जेवणाबद्दल मेसवाल्याकडून आभार मानून घेतले होते. कसे, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

पण हाच वकील एका बाबतीत कधी चेष्टा करायचा नाही. ते म्हणजे तळं.

खाणीतला दगड पिठासारखा दळतात, त्यातलं कामाचं खनिज काढून घेतात, आणि उरलेलं पीठ पाण्यात कालवून पाइपने एका भल्यामोठ्या तळ्यात सोडून देतात. त्या पिठाला सगळे गाळ म्हणतात. तळ्याला मातीचा बांध. तळं भरत आलं की बांध आणखी उंच करायचा. वकील त्या बांधाच्या पायथ्याशी, खाणकामगारांच्या वसाहतीत वाढला. त्याचे बाबा खाणीत डंपर चालवायचे, अजून चालवतात. इतरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसतं, यांच्या खिडकीतून बांध दिसायचा. आभाळ बघायचं तर खिडकीतून वाकून मान वर करायची. लहानपणी वकिलाला वाटायचं, सगळ्यांच्याच घरात असं असतं.

म्हणून त्याने प्रबंधाला विषय घेतला तोच. गाळ फिल्टर प्रेसमध्ये घालायचा. प्रेस म्हणजे ओळीने उभ्या प्लेटा, मध्ये जाड कापड. पंपाने दाब द्यायचा, पाणी कापडातून निघून जातं, आत घट्ट ढेप राहते. पाणी कारखान्याला परत. ढेपा वाळलेल्या विटांसारख्या रचून ठेवायच्या. मग तळ्याची गरजच नाही. जुनं तळंही हळूहळू उपसायचं, दाबायचं, रचायचं. रचायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे ढीग उभा राहणार होता बांधाला लागूनच, वसाहतीच्या डोक्यावर. पण कोरडा. कोरडा ढीग कुठे जात नाही. ओला जातो, घसरत, खालच्या घरांवर.

वकिलाच्या ढेपा सुरेख यायच्या. प्रेस चालवायला चाळण्या असायचा, कारण ते एकट्याचं काम नाही. प्लेटा उघडल्या की ढेप अख्खी सुटायची, हातात घेऊन वाजवली तर टणक आवाज. वकील ती कानाशी धरायचा आणि म्हणायचा, "ऐक लेका, तळं वाजतंय."

दरवर्षी विभागात उद्योगभेट भरते. खाणकंपन्यांची माणसं येतात, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आपापलं संशोधन मांडतात, आणि खाणकाम निसर्गाला न ओरबाडता कसं करता येईल यावर दिवसभर खल चालतो. बहुतेक वेळा खलच चालतो. पण या वर्षी वकिलाच्या वसाहतीजवळच्या खाणीची प्रकल्पप्रमुख स्वतः येणार होती, आणि तिने मॅडमना कळवलं होतं की सगळं ऐकून पटलं तर चाचणी प्रकल्पाला त्याच दिवशी होकार देईन. प्रकल्प झाला की वकील तिथेच कामाला. मुख्य म्हणजे तळं जाणार. वसाहतीत ही बातमी पोचली तेव्हा बाबांनी डंपरच्या फेऱ्यांमध्ये प्रत्येकाला थांबवून थांबवून सांगितली. शेवटी सुपरवायझर म्हणाला, आता मलाही दोनदा सांगून झालंय, गाडी चालवा.

भेटीच्या आठवड्यात कंपनीने ताज्या गाळाचं एक पिंप पाठवलं. पाहुण्यांसमोर प्रेस चालवून दाखवायचा होता. वकील स्लाइड घोटत बसला होता, म्हणून चाळण्याने पिंप उघडलं. रंग तोच, राखाडी. हात घातला आणि त्याला काहीतरी वेगळं वाटलं. नेहमीच्या गाळात बोटं चोळली की बारीक रेती लागते. हा साबणासारखा होता. बोटांवरून निघेना.

सवयीने त्याने थोडा वाळवून चाळणीत टाकला. उतरंड थडथडली. वरच्या चाळणीवर काही नाही. मधल्यांवर काही नाही. सगळाच्या सगळा गाळ सगळ्यांत बारीक चाळणीतून खाली, तळाच्या भांड्यात. चाळण्याला वाटलं, चाळणी फाटली. उजेडात धरून बघितली. धड होती.

मग त्याने कसाबसा एकट्यानेच प्रेस लावला. पंपाचा काटा चढत गेला. नळीतून सुरुवातीला थोडं पाणी आलं, मग थेंब थेंब, मग तेही बंद. दाब होता तसाच आणि पाणी यायला तयार नाही. थांबून थांबून शेवटी त्याने प्लेटा उघडल्या. ढेप नव्हतीच. कापडावर एक पातळ चिकट साय बसली होती आणि आतला सगळा गाळ दह्यासारखा बदकन त्याच्या बुटांवर पडला.

तो बुटांकडे बघत उभा राहिला. मग गाडीवाल्याला फोन केला, हा गाळ कुठला म्हणून. गाडीवाला म्हणाला, पंपातला. तळ्याच्या मधोमध तराफ्यावर एक पंप तरंगत असतो, वरचं पाणी कारखान्याला परत खेचतो. त्याचं तोंड बुजलं होतं, ते मेकॅनिकने साफ केलं. गाळ हवाच होता तर काठावर खणत कोण बसणार, निघालेलाच दिला भरून. का, खराब आहे का?

खराब नव्हता. मधला होता.

हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं असं नाही, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. गाळ बांधावरच्या पाइपातून तळ्यात पडतो. जाड कण जड, ते तिथेच काठाला बसतात. बारीक कण पाण्याबरोबर वाहत वाहत मध्यापर्यंत जातात आणि तिथे कुठेतरी सावकाश बसतात. बसतात म्हणजे बसतातच असंही नाही. वर्षानुवर्षं तसेच, धड पाणी नाही धड माती नाही.

आणि काठापलीकडे कुणाला जाऊ देत नाहीत. पांढऱ्या खुंट्या ठोकल्यात, त्याच्या आत पाय टाकायचा नाही, कमरेपर्यंत रुतून माणूस वर येत नाही. वकील वसाहतीतला मुलगा. ती शिस्त त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. त्याने नमुने घेताना कामचुकारपणा अजिबात केला नव्हता. उलट, पूर्ण तळ्याला फेरा मारला होता. इतर मुलं एका कोपऱ्यातली बादली भरून आणतात, याने दर थोड्या अंतरावर थांबून, खोल खणून, पिशव्या भरल्या. त्याच्या नकाशावर तळ्याभोवती लाल ठिपक्यांची माळच होती. मध्ये निळा रंग. निळा म्हणजे पाणी. पाण्याखाली काय आहे हे त्या निळ्या रंगाला कुणी विचारलं नाही. मॅडमनी नाही, कंपनीने नाही. रोज त्या नकाशासमोर बसून चहा पिणाऱ्या चाळण्यानेही नाही.

त्याने वकिलाला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. वकील ऐकत होता. एरवी दुसऱ्या वाक्याला तोंड उघडणारा माणूस, शेवटपर्यंत गप्प. मग त्याने वकिली सुरू केली, पण आवाज त्याचा नव्हता. एका पिंपावरून खटला उभा राहत नाही म्हणाला. पंपातला गाळ, त्यात ग्रीस असणार, तेल असणार. चाळण्याने बघितलं होतं, ग्रीस नव्हतं. बरं, नसेल. तरी मधला गाळ असून असून किती असेल? चाळण्या म्हणाला, निम्मं तळं निळं आहे.

वकील पायरीवर बसला.

"हे बघ," तो म्हणाला, "आधी होकार मिळू दे. प्रकल्प उभा राहिला की त्यांचेच लोक मध्ये जाऊन बघतील. त्यांच्याकडे तराफे आहेत, माणसं आहेत. आत्ता तोंड उघडलं तर तळं आहे तिथेच राहील. अजून पंधरा वर्षं. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

चाळण्याला कळत होतं. म्हणूनच त्याला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. तो म्हणाला, बघू. लहान मुलांच्या तळ्यात-मळ्यातसारखा एक पाय इकडे, एक पाय तिकडे.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी वकिलाच्या आईने दोघांना जेवायला बोलावलं. चाळण्या टाळत होता, पण काकूंना नाही म्हणणं हे मेसवाल्याकडून आभार घेण्यापेक्षा अवघड. काकू खाणीच्या दवाखान्यासाठी चादरी-पडदे शिवतात. घरात शिवणयंत्र, त्यावर नेहमी काहीतरी पांढरं पसरलेलं. वकिलाची ताई माहेरी आली होती, पहिलटकरीण, शेवटचे दिवस. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि तिथूनच सगळ्यांवर हुकूम सोडत होती.

जेवताना बाबा एकटेच बोलत होते. तळं गेल्यावर तिथे काय करायचं याचे त्यांचे बेत तयार होते. मैदान हवं, मुलांना. काकू म्हणाल्या, मैदान नको, झाडं लावा, मैदानाची धूळ शेवटी माझ्याच चादरींवर येणार. ताई म्हणाली, आधी तळं तर जाऊ द्या, तुम्ही बाजारात तुरी आणि घरात मारामारी चालवलीय. सगळे हसले. वकीलही हसला, जरा उशिरा.

चाळण्याने मान वर केली तर समोर खिडकी. खिडकीभर बांध. संध्याकाळचा उजेड त्यावर पडला होता आणि तो अगदी साधा दिसत होता, गवत उगवलेला, एखाद्या टेकडीसारखा. त्या टेकडीवर आणखी एक ढीग त्याने मनात रचून बघितला. खाली काठाच्या गाळाच्या टणक ढेपा, आणि त्यावर मधल्या गाळाच्या, दह्यासारख्या. आधी काठ उपसणार. सहा महिने, वर्षभर सगळं छान चालणार. सगळे टाळ्या वाजवणार. मग मशीन मध्यावर पोचणार, आणि तोवर प्रकल्प इतका पुढे गेलेला असेल की थांबा म्हणायला कुणाची छाती होणार नाही. ओल्या ढेपा तशाच वर चढत जातील.

"चाळण्या, जेव ना रे," ताई म्हणाली. मग पोटावर हात ठेवून, अगदी सहज, "खरंच जाणार ना तळं? हा कधी कधी उगाच बोलतो. तू नाही बोलत, म्हणून तुला विचारतेय."

वकील ताटाकडे बघत होता.

चाळण्या म्हणाला, "उद्या कळेल." ताट तसंच ठेवून तो हात धुवायला उठला. काकूंना वाटलं जेवण बिघडलं.

परत जाताना वकील बसथांब्यापर्यंत सोडायला आला. बस आली तेव्हा चाळण्या म्हणाला, उद्या तूच सांग. तुझं काम आहे, तुझ्या तोंडून आलं तर बरं. वकिलाने मान हलवली. ती हो होती की नाही, ते बसच्या काचेतून कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी विभाग लग्नघरासारखा झाला होता. पायऱ्या धुतलेल्या, कुंड्या कुठून कुठून उचलून आणलेल्या. मॅडम दारातच पाहुण्यांच्या स्वागतात. चाळण्या त्यांच्यापर्यंत पोचला, तोंड उघडलं, तेवढ्यात आणखी एक गाडी आली. त्या म्हणाल्या, "नंतर, चाळण्या, नंतर. प्रोजेक्टर बघ आधी."

सभागृहात लांब टेबलं, पाण्याच्या बाटल्या, गळ्यात ओळखपत्रं. एका बाजूला कंपन्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचे कपडे घालून अवघडलेली मुलं. एका मुलीने गाळाच्या विटा केल्या होत्या. एका पाहुण्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप त्याच विटेवर ठेवला. ती म्हणाली, "बघा सर, उपयोगाला आली." हशा पिकला. दुसरे एक जाडजूड साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, हे कारखान्यात चालेल का? खाणीत ते शेवटचे कधी उतरले होते देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणारा असा एक तरी प्रत्येक सभेत असतो.

प्रकल्पप्रमुख मधल्या रांगेत बसली होती. पन्नाशीची, केस आखूड, बुटांवर वाळलेला चिखल. तिने सकाळपासून कुणालाही काही विचारलं नव्हतं.

वकील उभा राहिला तो छानच बोलला. वसाहत, खिडकी, बांध. मग प्रेस, मग ढेपा. टणक आवाज काढून दाखवला. काठावरच्या गाळाचाच प्रयोग दाखवायचा, हे त्याने सकाळीच चाळण्याच्या हातात जुनी पिशवी देऊन ठरवून टाकलं होतं. पडद्यावर नकाशा आला, लाल ठिपके, मध्ये निळं. चाळण्या प्रेसपाशी उभा होता. त्याला वाटलं, आता सांगेल. स्लाइड बदलली. आता. पुन्हा बदलली. शेवटची स्लाइड आली, आभाराची. टाळ्या झाल्या.

तेव्हा प्रकल्पप्रमुख हात वर करून उभी राहिली. तिने नकाशा पुन्हा लावायला सांगितला. जरा वेळ बघत राहिली.

"तळ्यातला सगळा गाळ असाच दाबला जाईल, असं धरून चालू का मी?"

वकिलाने पाण्याचा घोट घेतला. "नमुने तळ्याच्या सगळ्या बाजूंनी घेतलेत, मॅडम."

खरंच होतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं. चाळण्याने आयुष्यात वकिलाची इतकी पक्की वकिली ऐकली नव्हती, आणि इतकी वाईटही.

ती मान डोलावून खाली बसणार होती. मग काय वाटलं कुणास ठाऊक, प्रेसकडे वळली. "प्रेस तुम्ही चालवता ना? तुमचं काय म्हणणं?"

पुढे लोकांनी सांगितलं की चाळण्या छाती काढून पुढे आला. छाती कसली काढतोय. एका हाताने त्याने प्रेसची प्लेट घट्ट धरली होती. त्याने वकिलाकडे बघितलं. वकिलाने मान किंचित हलवली, डावीकडे, उजवीकडे. हे मात्र स्पष्ट कळलं.

"मधला गाळ दाबला जात नाही," चाळण्या म्हणाला. "मी करून बघितलाय. ढेप होत नाही."

मग त्याला सगळं सांगावं लागलं, पिंप, चाळणी, कापडावरची साय. बोलताना तो सारखा अडखळत होता. जाडजूड साहेबांना आपला प्रश्न विचारायचंही सुचलं नाही.

त्याचं बोलून झालं आणि सगळ्यांच्या माना वकिलाकडे वळल्या. आता हा काहीतरी काढेल, ग्रीस काढेल, तेल काढेल, असं चाळण्याला वाटलं. खरं सांगायचं तर तशी त्याला आशाच होती. पण वकिलाने हातातला माइक टेबलावर ठेवला आणि माइकशिवायच बोलला, त्यामुळे मागच्यांना ऐकूही गेलं नाही.

"तो म्हणतोय ते बरोबर आहे. मी मध्ये गेलो नाही. तिथे जायचं नाही असं लहानपणापासून ऐकलंय, म्हणून मध्ये काहीतरी आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. आणि परवा कळलं, तेव्हा मी गप्प बसायचं ठरवलं."

मॅडम उठल्या. त्या नकाशाखाली आपलीही सही आहे, म्हणाल्या. प्रकल्पप्रमुख म्हणाली, आमच्याही लोकांनी हा निळा रंग बघितला, मीही बघितला. तिने कुणाची पाठ थोपटली नाही आणि कुणाला बोलही लावला नाही. मधला गाळ कसा वागतो ते कळल्याशिवाय प्रकल्प पुढे नेता येणार नाही, या वर्षी तर नाहीच, एवढं सांगितलं आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलवायला लावलं.

पुढचा विद्यार्थी बिचारा धुळीवर बोलणार होता. त्याचं कुणी ऐकलं नाही.

चहाच्या सुट्टीत चाळण्याभोवती दोघंतिघं जमली. एक जण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, शाब्बास, याला म्हणतात हिंमत. तो हात त्याला विंचवासारखा वाटला. वकील कुठेच नव्हता. बाहेर बघितलं, कँटीन बघितलं, बसथांबाही बघून आला. सापडला तो तळघरात. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर करून सिंकमध्ये प्रेसचं कापड धूत होता. ते परवाचं कापड, सायीने बुजलेलं. ब्रश घासत होता आणि काही निघत नव्हतं.

चाळण्या दारात उभा राहिला. आत यायची छाती होईना.

"ये," वकील वर न बघता म्हणाला. "मारत नाही."

तो आला, शेजारी उभा राहिला. कापडाचं दुसरं टोक धरलं. बराच वेळ दोघं घासत होते.

मग वकील म्हणाला, "तू मला आधी सांगितलंस ना, त्याचा जास्त राग आहे. न सांगता तिथे बोलला असतास तर तुला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता शिव्या कुणाला घालू?"

चाळण्याने पाणी बदललं.

ताईचा फोन येऊन गेला होता, वकिलाने उचलला नव्हता. बाबांनी सगळ्या खाणीला सांगून ठेवलंय, ते उद्या कामावर कुठल्या तोंडाने जातील? हे सगळं तो सिंकला सांगत होता. प्रबंध तर गेलाच. मॅडम म्हणाल्या, नमुने नव्याने, सगळं नव्याने, निदान एक वर्ष. आणि मधला गाळ आणायचा तर तराफ्यावर जायला लागणार. कंपनी परवानगी देईल, पण एकट्याला नाही. नोंदणी असलेले दोन विद्यार्थी हवेत, एक तराफ्यावर, एक काठावर त्याच्या दोराला. दोन महिन्यांत सगळी बॅच आपापला प्रबंध देऊन निघून जाणार. प्रबंध दिला की नाव कमी, ओळखपत्र जमा.

"नव्या पोरांतलं कुणीतरी येईल म्हणा," तो म्हणाला. "नाही आलं तर नाही. राहील तळं. राहतंच आहे."

तसं म्हणून तो पहिल्यांदा रडला. आवाज न करता, ब्रश चालूच.

चाळण्याचा प्रबंध टेबलावरच होता, फक्त बांधायचा राहिलेला. घरी दादा वाट बघत होता. आईबाबांच्या मागे यालाही शिकवायचं म्हणून त्याने स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं होतं, आणि या खेपेला तारीख धरली होती ती चाळण्या नोकरीला लागेल हे गृहीत धरून. वहिनी होणारी मुलगी फोनवर त्याला भाऊजी म्हणायलाही लागली होती. ते सगळं चाळण्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. आपण बोललो ते बरोबर बोललो, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण बरोबर बोलून घरी निघून जायचं आणि त्याची किंमत एकट्या वकिलाने भरायची, हे काही त्याला पटेना.

त्याने हातातलं कापड सिंकच्या काठावर टाकलं.

"दोराला मी आहे," तो म्हणाला.

"तुझं नाव कमी होईल."

"नाही होणार. मी देत नाही प्रबंध."

वकिलाने ब्रश थांबवला. "येडा आहेस का? तुझा दादा तुला उभा चिरेल. आणि मलाही, तुझ्यानंतर."

"चिरू दे. आज रात्री बोलतो त्याच्याशी." चाळण्याचा आवाज सभागृहात जसा अडखळत होता तसाच इथेही अडखळत होता, पण तो थांबला नाही. "ऐक नीट, पुन्हा म्हणणार नाही. मधला गाळ आपण दोघं आणायचा. दाबला गेला तर दाबला गेला, नाही गेला तर तसं लिहायचं. तुझं लिहून होत नाही तोवर माझा प्रबंध मी देणार नाही. शब्द दिला."